दाखल्याबरोबर आणखी काय न्यायचं?

साताऱ्याच्या शाळेत चाचणीची घंटा झाली की बाई सगळ्यांचे पेपर गोळा करायच्या आणि माझ्या लेकीच्या बाकापाशी आल्या की म्हणायच्या, "तू लिही गं निवांत." लेकीला अध्ययन अक्षमता आहे, ज्याला आपण डिस्लेक्सिया म्हणतो. ती दुसरीत असताना बाईंनाच पहिल्यांदा शंका आली होती. पुढे तपासण्या झाल्या, प्रमाणपत्र मिळालं. प्रश्न वाचून दाखवायचे, लिहायला वेळ वाढवून द्यायचा, फळ्यावरचं उतरवायला शेजारणीची वही द्यायची, हे सगळं शाळेच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की ते लिहून ठेवावं असं कुणालाच वाटलं नाही. आम्हालाही नाही.

पाचवी संपली आणि आमची बदली ठाण्याला झाली. नव्या शाळेत प्रवेश झाला, गणवेश शिवून झाला, वह्यांना कव्हरं घातली. प्रमाणपत्राची झेरॉक्स मी प्रवेशाच्या अर्जाला जोडली आणि निर्धास्त झाले. ऑगस्टमध्ये पहिली घटक चाचणी झाली. मराठीचा पेपर घरी आला तेव्हा त्यात पहिले तीन प्रश्न सोडवलेले, चौथ्याचं एक वाक्य अर्धवट आणि पुढची दोन पानं कोरी. पर्यवेक्षणाला दुसऱ्या वर्गाच्या बाई होत्या. घंटा झाली तसा त्यांनी पेपर घेतला. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. झेरॉक्स कार्यालयात प्रवेश अर्जांच्या गठ्ठ्यात होती, वर्गशिक्षिकेपर्यंत ती पोचलीच नव्हती. त्या रात्री अंथरुणात लेकीनं विचारलं, "आई, इथे मला ते नाहीये का?"

'ते' म्हणजे तिची सवलत. जुनी शाळा सुटली तशी तीही सुटली, असं तिला वाटलं होतं.

सवलत मुलाची असते, शाळेची नसते. पण प्रत्यक्षात ती एखाद्या जीव लावणाऱ्या शिक्षिकेच्या डोक्यात राहत असते आणि शाळा बदलली की ती शिक्षिका मागे राहते. म्हणून शाळा बदलताना पालकांना दोन कामं करावी लागतात. त्या बाईंच्या डोक्यात जे आहे ते कागदावर उतरवून घ्यायचं आणि कागदावरचं नव्या वर्गापर्यंत पोचवायचं. आम्ही दोन्ही उशिरा केली. तुमच्या मुलाच्या वाट्याला ती कोरी पानं येऊ नयेत, म्हणून हा लेख.

निघण्याआधी जुन्या शाळेतून काय घ्यायचं

निकाल लागला की शाळा रिकाम्या होतात. शिक्षक सुट्टीवर जातात आणि मे महिन्यात कार्यालयात दाखल्यापलीकडे काही मिळत नाही. म्हणून बदलीची कुणकुण लागताच, शक्यतो फेब्रुवारीत, वार्षिक परीक्षेची धांदल सुरू व्हायच्या आत बोलून घ्या.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख असते, प्रगती 'समाधानकारक' असते आणि वर्तणूक 'चांगली' असते. मूल कसं शिकतं, हे त्यावर नसतं. त्यासाठी पुढचे कागद वेगळे मागून घ्या.

पहिला कागद मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचं पत्र. शाळेच्या लेटरहेडवर, कोणत्या इयत्तेपासून, कोणत्या विषयांना, कोणत्या सवलती दिल्या, एवढंच त्यात हवं. चार ओळी पुरतात. 'ही मुलं आमच्याकडे जमणार नाहीत' असं म्हणू पाहणाऱ्यांना हे पत्र सांगतं की दुसऱ्या एका शाळेला हे तीन वर्षं जमलं आहे.

दुसरा कागद वर्गशिक्षिकेचं टिपण. याला शिक्का लागत नाही, आणि माझ्या मते फाइलमधला सर्वांत मोलाचा कागद हाच. चाचणीनंतर मी साताऱ्याच्या बाईंना फोन केला तेव्हा त्यांनी एका पानावर लिहून त्याचा फोटो पाठवला. त्यात होतं: "गणिताचं शाब्दिक उदाहरण वाचून दाखवलं की बरोबर सोडवते. स्वतः वाचलं की 'एकूण' आणि 'उरले' यांत गफलत करते. 'घ'च्या जागी 'ध' आणि 'भ'च्या जागी 'म' लिहिते, जोडाक्षरं गाळते. तिला उत्तर येत नाही असं समजू नये, तोंडी विचारावं. कविता दोनदा ऐकली की पाठ होते. वर्गापुढे मोठ्यानं वाचायला उभं करू नये. उभं केलं तर दुसऱ्या दिवशी पोट दुखतं म्हणून घरी राहते." तपासणीचा अहवाल आठ पानांचा होता, पण पोटदुखीचं कारण त्यात नव्हतं.

तिसरी गोष्ट उत्तरपत्रिका. एक सवलत मिळालेली आणि एक न मिळालेली, अशा दोन शेजारी ठेवल्या की नव्या शिक्षकांना फार समजावून सांगावं लागत नाही. शाळेत विशेष शिक्षक येत असतील तर त्यांनी केलेला वैयक्तिक शैक्षणिक आराखडाही मागा. महानगरपालिका, जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांमध्ये समग्र शिक्षेतून नेमलेले विशेष शिक्षक गट साधन केंद्रातून येतात. त्यांच्याकडे मुलाची नोंद असते आणि नव्या तालुक्यातल्या विशेष शिक्षकांपर्यंत ती पोचवा, असं त्यांना सांगता येतं.

चौथी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी पोर्टलवर प्रत्येक विद्यार्थ्याची ऑनलाइन नोंद असते आणि त्यात दिव्यांगत्वाचा रकाना असतो. तो भरलेला आहे का, हे दाखला घेतानाच कार्यालयात पाहायला सांगा. नवी शाळा मुलाला ऑनलाइन आपल्याकडे घेते तेव्हा हीच नोंद पुढे जाते. रकाना कोरा असेल तर नव्या शाळेच्या लेखी तुमचं मूल गरज नसलेलं मूल ठरतं.

प्रमाणपत्राच्या तारखा पाहा

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे स्वावलंबन कार्ड, देशभर चालतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ५८ मध्येच तसं म्हटलं आहे. जिल्हा बदलला, राज्य बदललं, म्हणून नवं काढायची गरज नाही. फक्त कार्डावरचा पत्ता बदलून घ्या.

प्रमाणपत्राला मुदत मात्र असू शकते. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र साधारण वयाच्या आठव्या वर्षानंतर मिळतं आणि मूल मोठं होताना ठरावीक टप्प्यावर पुन्हा तपासणी करावी लागते. शाळा बदलण्याचं वर्ष आणि मुदत संपण्याचं वर्ष एकच येत असेल तर तपासणी आधी उरकून घ्या. मुंबईत शीव आणि नायर या पालिकेच्या रुग्णालयांत अध्ययन अक्षमतेची तपासणी होते; जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. तारीख मिळायला वेळ लागतो आणि तपासणी एका फेरीत संपत नाही. डोळे, कान, बुद्धिगुणांक, वाचन-लेखनाच्या चाचण्या अशा फेऱ्या होतात. खासगी समुपदेशकाचा अहवाल मूल समजून घ्यायला चांगला असतो, पण मंडळाच्या परीक्षेसाठी सहसा शासकीय रुग्णालयाचंच प्रमाणपत्र मागितलं जातं.

कागद हातात यायचा असेल तरी थांबू नका. 'प्रमाणपत्र आलं की बघू' असं शाळा म्हणाली, तर तपासणीची तारीख असलेला रुग्णालयाचा कागद दाखवा आणि तोवर वर्गातल्या साध्या सोयी सुरू करा, अशी विनंती करा. पुढच्या बाकावर बसवायला कुठलंही प्रमाणपत्र लागत नाही.

कायदा थोडक्यात

शाळेत जाऊन कायद्याची कलमं ऐकवा असं मी म्हणणार नाही. पण ती आपल्याला माहीत असली की आवाजात विनवणी राहत नाही.

२०१६ च्या अधिनियमात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यांत अध्ययन अक्षमता, स्वमग्नता आणि बहुविकलांगता आहे, तसेच थॅलेसेमिया आणि सिकलसेलही आहेत. कलम १६ नुसार सरकारी असो वा खासगी, मान्यता असलेल्या शाळेनं भेदभाव न करता प्रवेश द्यायचा असतो आणि त्या त्या मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी करायच्या असतात. कलम १७ मध्ये परीक्षेला जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा बदलांची तरतूद आहे. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला कलम ३१ प्रमाणे वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

'४० टक्के नाहीत, मग काहीच मिळणार नाही' हे वाक्य तुमच्या कानावर येईल. २०२१ मध्ये, लिहिताना हात आखडणाऱ्या एका परीक्षार्थीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की लेखनिकासारखी वाजवी सोय केवळ ४० टक्क्यांच्या अटीवर नाकारता येत नाही.

शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम ५ शाळा बदलण्याबद्दल आहे. आठवीपर्यंतचं मूल शाळा बदलून सरकारी किंवा अनुदानित शाळेत जात असेल, तर जुन्या मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. कलम १३ प्रमाणे प्रवेशासाठी मुलाची चाळणी परीक्षा घेता येत नाही. प्रवेशाच्या टेबलावर मुलाला परिच्छेद वाचायला लावला, तर हे नम्रपणे सांगा.

नवी शाळा पाहताना काय विचारायचं

"तुमच्याकडे सवलती मिळतात ना?" असं विचारलं की उत्तर 'हो' येतं आणि त्यातून काही कळत नाही. त्यापेक्षा असं विचारा: मागच्या वर्षी या इयत्तेत कुणाला जादा वेळ दिला होता का? ते मूल पेपर कुठे बसून लिहितं? पर्यवेक्षक बदलले तर त्यांना कोण सांगतं? समुपदेशक रोज असतात की आठवड्यातून एकदा येतात? जिथे मुलं आहेत आणि सोय खरंच होते, तिथे या प्रश्नांची उत्तरं पटकन येतात.

मग स्वतः फिरून पाहा. वर्ग कितव्या मजल्यावर आहे, स्वच्छतागृह किती लांब आहे, खिडकीबाहेर रस्त्याची वर्दळ आहे का, एका वर्गात मुलं किती आहेत. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला पंखा घरघरणारा वर्ग म्हणजे अर्धा तास बुडल्यासारखाच.

मुलाची अडचण प्रवेशाआधी सांगावी की नंतर, हा प्रश्न मला सगळे पालक विचारतात. भीती समजते, कारण काही ठिकाणी 'जागा भरल्या' हे वाक्य नेमकं त्यानंतर येतं. तरी माझं मत आहे की सांगावं, आणि लेखी सांगावं. लपवलेली गोष्ट पहिल्या चाचणीला उघडी पडते. तेव्हा शाळेला फसवल्यासारखं वाटतं आणि त्याचा त्रास मुलाला होतो. सांगितल्यावर नाकारणाऱ्या शाळेत न सांगता गेलेलं मूल सुखानं शिकत नाही.

अर्ज: एक पान, एक विषय

प्रवेश झाला की पहिल्या आठवड्यात वेगळा अर्ज द्या. प्रवेशाच्या कागदांत तो मिसळू नका. आमची चूक तिथेच झाली. मी नंतर दिलेला अर्ज असा होता:

प्रति,
मा. मुख्याध्यापिका,
विषय: इयत्ता सहावीतील माझ्या मुलीस शैक्षणिक सवलती मिळण्याबाबत.

महोदया,
माझी मुलगी आपल्या शाळेत सहावी 'ब' मध्ये शिकत आहे. तिला अध्ययन अक्षमता असून शासकीय रुग्णालयाचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. आधीच्या शाळेत तिला तिसरीपासून पुढील सवलती मिळत होत्या: (१) लेखी परीक्षेत ताशी २० मिनिटे जादा वेळ, (२) प्रश्न वाचून दाखवणे, (३) शुद्धलेखनाचे गुण न कापणे, (४) फळ्यावरील मजकुराची प्रत मिळणे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम १६ व १७ नुसार या सवलती आपल्या शाळेतही सुरू ठेवाव्यात, ही विनंती. याबाबत वर्गशिक्षिका व विषयशिक्षकांसोबत अर्धा तास भेटीची वेळ द्यावी. पुढील घटक चाचणीपूर्वी ही भेट झाल्यास उपकार होतील.

खाली जोडलेल्या कागदांची यादी द्या. अर्जाच्या दोन प्रती न्या. एक आवक खिडकीवर द्यायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन परत आणायची. पोच घेताना संकोच वाटून घेऊ नका. तो अविश्वास नव्हे. पोच असली की अर्ज हरवत नाही.

मागायचं काय? नेमकं मागा

'माझ्या मुलाकडे जरा लक्ष द्या' या वाक्यानं साठ मुलांच्या वर्गात काही घडत नाही. शिक्षकांना करता येईल असं, मोजता येईल असं काही सांगावं.

अध्ययन अक्षमतेच्या मुलासाठी वरच्या अर्जातल्या गोष्टी आहेतच. शिवाय देवनागरीत वेलांटी, रफार, जोडाक्षरं हे सगळं अक्षराच्या वर-खाली, मागेपुढे येतं. म्हणून दाटीवाटीची झेरॉक्स देण्याऐवजी मोठ्या अक्षरात, ओळींत अंतर ठेवून छापलेली प्रश्नपत्रिका मागा. बऱ्याच मुलांना तेवढ्यानं फरक पडतो.

चंचलतेमुळे लक्ष टिकत नसेल तर खिडकी-दारापासून दूरचा बाक, सूचना एका वेळी एकच, आणि मधून वह्या वाटायचं किंवा फळा पुसायचं काम. उठायला हक्काचं कारण मिळालं की मूल ओरडा न खाता उठतं.

कमी ऐकू येत असेल तर ज्या कानानं बरं ऐकू येतं तो शिक्षकांकडे राहील अशी जागा, आणि फळ्याकडे तोंड करून बोलू नये ही विनंती. श्रवणयंत्राची जादा बॅटरी दप्तरात ठेवा आणि ती कुठे आहे ते बाईंना दाखवून ठेवा.

स्वमग्न मुलासाठी शाळा सुरू होण्याआधी रिकाम्या शाळेत दोन फेऱ्या करा. वर्ग, नळ, स्वच्छतागृह, घंटा कुठे असते ते दाखवा. प्रार्थनेच्या गोंगाटात उभं राहणं जमत नसेल तर बाजूला उभं राहायची मुभा मागा.

टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाला रक्तातली साखर तपासायची, वर्गात बिस्किट किंवा साखर खायची आणि विचारल्यावर लगेच स्वच्छतागृहात जायची परवानगी लेखी हवी. खेळाच्या तासाला काय काळजी घ्यायची ते क्रीडाशिक्षकांना वेगळं सांगा.

मिरगी येणाऱ्या मुलाच्या बाबतीत शाळेतल्या शिपाईमामांपासून सगळ्यांना एक गोष्ट सांगावी लागते: कांदा हुंगवायचा नाही, चप्पल लावायची नाही, तोंडात चमचा घालायचा नाही. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं, घड्याळ पाहायचं आणि पाच मिनिटांहून जास्त वेळ झटका चालला तर रुग्णालयात न्यायचं. हे एका कागदावर डॉक्टरांच्या सहीनं लिहून वर्गाच्या कपाटात आतून चिकटवायची विनंती करा.

पहिले सहा आठवडे

भेटीला जाताना मुलाच्या गुणांची यादीही न्या. माझ्या लेकीला चित्रातून नकाशा पटकन कळतो, हे ऐकल्यावर भूगोलाच्या बाईंनी तिला वर्गात भिंतीवरचे नकाशे लावायचं काम दिलं. अडचणींची फाइल हातात घेऊन गेलेल्या आईनं तेवढंच बोलायचं नसतं.

भेट झाली की त्याच संध्याकाळी जे ठरलं ते चार ओळींत वर्गशिक्षिकेला कळवा. वहीत लिहा किंवा फोनवर लिहून पाठवा, पण लेखी राहू द्या. एका माणसाचं नाव ठरवून घ्या: पर्यवेक्षक बदलला, बदली शिक्षक आले, क्रीडामहोत्सव आला, तर कोण सांगणार? आमच्या शाळेत नंतर एक सोपी युक्ती निघाली. परीक्षेच्या दिवशी वर्गाच्या हजेरीपटाला एक पिवळी चिठ्ठी टाचलेली असते. तीत हजेरी क्रमांक आणि जादा मिनिटं एवढंच असतं. पर्यवेक्षक कुणीही असोत, हजेरीपट हातात घेतला की चिठ्ठी दिसते.

घरी रोज "आज काय शिकवलं?" याऐवजी "आज काय उतरवायचं राहिलं?" असं विचारा. राहिलेलं किती, यावरून सोय चालू आहे की नाही ते कळतं. पहिल्या चाचणीच्या दोन दिवस आधी वर्गशिक्षिकेला आठवण करा आणि चाचणीनंतर, कोऱ्या जागा असोत वा नसोत, उत्तरपत्रिका पाहून घ्या. सोय झाली असेल तर धन्यवाद जरूर कळवा. शिक्षकांना तक्रारी रोज येतात, धन्यवाद क्वचित येतात.

मुलाला काय सांगायचं

मोठ्यांची तयारी सुरू असते तेव्हा मूल दाराआडून ऐकत असतं. त्याला सांगा की नव्या शाळेत तुझी सोय आपोआप होणार नाही, ती आपण मिळून मागणार आहोत. सवलत म्हणजे दया नव्हे, हे त्याला त्याच्या भाषेत पटलं पाहिजे. मी लेकीला म्हटलं, बाबा चष्म्याशिवाय पेपर वाचू शकत नाहीत, म्हणून त्यांना कुणी ढ म्हणत नाही.

वर्गात मुलं विचारतातच, "तुलाच का जास्त वेळ?" त्याचं उत्तर घरी तयार करून ठेवा, छोटं आणि खरं: "मला वाचायला वेळ लागतो, म्हणून." पुढे बोलायचं की नाही ते मुलानं ठरवावं. काय सांगायचं आणि कुणाला, हे पाचवी-सहावीच्या मुलाला विचारल्याशिवाय ठरवू नका. काही मुलांना प्रश्न वाचून दाखवलेले हवे असतात, पण वर्गात नको, वेगळ्या खोलीत हवे असतात.

शाळा नाही म्हणाली तर

पहिला नकार बहुधा माहिती नसल्यामुळे येतो. "असं आमच्याकडे कधी केलं नाही" म्हणजे नकार नव्हे, ती अडचण आहे. तेव्हा जुन्या शाळेचं पत्र दाखवा आणि एका चाचणीपुरतं करून पाहू, असं सुचवा. तरी जमलं नाही तर उत्तर लेखी मागा. लेखी नकार द्यायची वेळ आली की बऱ्याच गोष्टी सुटतात.

पुढची पायरी शिक्षण विभागाची. प्राथमिकसाठी केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी, माध्यमिकसाठी जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी, महानगरपालिका हद्दीत पालिकेचा शिक्षण विभाग. अर्जाला आधीच्या अर्जाची पोच जोडा. याही पायरीवर काम झालं नाही तर पुण्याला राज्य दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय आहे आणि शिक्षण हक्काच्या बाबतीत राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे जाता येतं. एवढं होईस्तोवर मुलाला रोज त्याच शाळेत जायचं असतं, हे विसरू नका. आवाज कागदावर चढवा, वर्गाच्या दाराशी चढवू नका.

मंडळ, राज्य, देश बदलताना

नववीच्या सुमारास शाळा बदलत असाल तर घाई करा. राज्य मंडळाच्या दहावीच्या सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो, पालकाला थेट पाठवता येत नाही. तो वेळेत जायला हवा. परीक्षेच्या तोंडावर काही होत नाही. सीबीएसईमध्ये नववीच्या नोंदणीच्या वेळीच मुलाची विशेष गरज नोंदवून घ्या. तिथे जादा वेळ ताशी २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास असतो. मंडळ बदललं की भाषांचे नियम बदलतात. जुन्या मंडळात मिळालेली भाषेची सूट नव्या मंडळात तशीच मिळेल असं धरून चालू नका, आधी विचारा. लेखनिक घ्यायचा असेल तर तो खालच्या इयत्तेतला लागतो. त्याच्याबरोबर घरी दोन-तीन जुने पेपर सोडवून घ्या. उत्तर सांगून लिहवून घेणं ही वेगळी कला आहे आणि ती सवयीनं येते.

अमेरिकेतून परतणाऱ्या कुटुंबांकडे तिथला आयईपी, म्हणजे वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, किंवा सवलतींचा ५०४ आराखडा असतो. तो इथल्या शाळेला बंधनकारक नाही, पण मुलाची गरज दाखवणारा चांगला पुरावा आहे. त्यातल्या इथे शक्य असलेल्या पाच गोष्टी निवडून अर्ज करा आणि इथलं प्रमाणपत्र काढायला लगेच सुरुवात करा. इथून तिकडे जाणाऱ्यांनी सरकारी शाळेकडे मुलाच्या तपासणीची लेखी मागणी करावी. आपण संमती दिल्यावर साधारण ६० दिवसांत, किंवा त्या राज्यानं ठरवलेल्या मुदतीत, तपासणी पूर्ण करावी लागते. आपल्याकडचे अहवाल इंग्रजीत करून न्या.

फाइल

आमच्या घरात आता एक निळी फाइल आहे. प्रमाणपत्र, कार्ड, दोन्ही शाळांची पत्रं, पोच असलेले अर्ज, साताऱ्याच्या बाईंचं टिपण आणि ती कोऱ्या पानांची उत्तरपत्रिका. मूळ कागद घरी, प्रती फाइलमध्ये. दर जूनला नव्या वर्गशिक्षिकेसाठी एक पान मी नव्यानं लिहीत असे: लेकीला काय जमतं, कुठे अडतं, कशानं मदत होते.

यंदा ती आठवीत गेली. पान तिनं सांगितलं आणि मी लिहून घेतलं. पहिल्या दिवशी ते बाईंना द्यायला मी निघाले, तर म्हणाली, "मी देते." संध्याकाळी दप्तर टाकता टाकता तिनं सांगितलं, "बाईंनी विचारलं, फळ्यावरचं मी वाचून दाखवू की कुणाची वही देऊ? मी म्हटलं, दोन्ही."